वजनकाट्याची हाक

सुमनबाईंची नोकरी अडली ती नवऱ्याच्या नावापाशी.

अठ्ठ्याऐंशी साली मराठवाड्यातल्या वाशीकडच्या आमच्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला. टायपिंग येतं म्हणून सुमनबाईंना त्यापुढं बसवलं, तेही हंगामापुरतं. नवरा हिंमतराव वजनकाट्यावर कारकून, मी शेजारी टाइमकीपर. बाई कामाला वाघ, पण रीतीला त्याहून पक्क्या. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नाही.

प्रोग्राम लिहिला मच्छिंद्रनं, सी भाषेत. पुण्याहून शिकून आलेला, पण डोकं जरा उंडारलेलं. प्रत्येक कामाचं वेगळं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा वेगळा तुकडा, आणि ज्यानं काम समजावलं त्याचंच नाव देऊन हा मोकळा. पावतीचं आबाराव, वजनाचं हिंमतराव. नाव टाइप केलं की काम सुरू.

पहिल्या दिवशी आबाराव सुरळीत चालला. वजनाची पाळी आली आणि बाईंचे हात थांबले. बाहेर बैलगाड्यांची रांग, दुष्काळात आधीच वाळलेला ऊस. साहेबांनी सांगून टाकलं, दुपारपर्यंत गाड्या हलल्या नाहीत तर कॉम्प्युटर झाकायचा आणि बाईंनी घरी जायचं. तोंडानं कुठं घ्यायचंय, बोटांनी तर लिहायचंय, असं मी समजावलं.

"बोटं माझीच हायेत की," बाई म्हणाल्या.

मला चीडही आली, हसूही आलं. शेवटी बाईंनी अख्खा उखाणा टाइप केला, रीतीप्रमाणं त्यात नाव गुंफून. मशीननं उत्तर दिलं, असं नाव नाही. त्याला हिंमतराव हवा होता, तोही एकटा.

मच्छिंद्र कपाळाला हात लावून बसला आणि एकदम उठला. म्हणाला, तयार झालेल्या प्रोग्रामला नावं कळतच नाहीत, फंक्शन मेमरीत कुठं आहे तो पत्ता तेवढा कळतो. म्हणून त्यानं आत एक तक्ता ठेवला होता, एकीकडं नाव, दुसरीकडं पत्ता. एकाच पत्त्याला दोन नावं दिली तर बिघडतं कुठं? नवऱ्याला घरी काय हाक मारता, असं त्यानं बाईंना विचारलं. त्या लाजून म्हणाल्या, अवो.

त्यानं तक्त्यात एक ओळ वाढवली आणि प्रोग्राम पुन्हा तयार केला. बाईंनी 'अवो' टाइप केलं. वजन सुरू झालं, रांग हलली. मला खरंच भरून आलं.

हंगाम संपला तरी बाईंची नोकरी राहिली. हिंमतराव मात्र त्या पहिल्याच दिवशी ऐटीत बघायला आले होते, आपल्या नावाचं मशीन कसं चालतं ते. बाईंनी मानही वर केली नाही.

"घरी चार हाका माराव्या लागत्यात," त्या म्हणाल्या. "हितलं एका हाकंत उठतंय."