तेरा दिवसांचे भाऊजी

जुन्या गोष्टीला निरोप द्यायला आमच्या यांच्या मावसभावाइतका, म्हणजे आमच्या भाऊजींइतका, घाबरणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. नव्याचं त्यांना वावडं नाही, उलट हौसच दांडगी. पण नवं घरात आलं की जुनं तेरा दिवस सोबत ठेवायचं हा त्यांचा नेम. नव्या चपला पायात असतात तेव्हा जुना जोड पिशवीत घालून बरोबर असतो. नवा चष्मा डोळ्यांवर, जुना गळ्यात. न्हावी बदलला तेव्हा केस नव्याकडे आणि दाढी जुन्याकडे असं त्यांनी तेरा दिवस निभावलं, आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. मुलीच्या लग्नात आचारी बदलावा लागला, तर पहिल्याला त्यांनी पाहुणा म्हणून मांडवात बसवून ठेवलं. तो दिवसभर दुसऱ्याच्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवत तीच तीनदा वाढून घेत होता. उलट मी यादीवर जगणारी बाई. काम झालं की रेघ ओढायची आणि पुढचं बघायचं.

मी पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षांच्या पॅकहाऊसचं ऑफिस सांभाळते. आमच्याकडे बारा टेबलांवर नुसते स्क्रीन आणि कीबोर्ड आहेत. सगळ्यांचं डोकं एकच, आतल्या खोलीतला टर्मिनल सर्व्हर. त्याची सिस्टीम इतकी जुनी झाली होती, की परदेशातल्या खरेदीदारानं ऐन हंगामाच्या तोंडावर कळवलं, ‘ही बदला, नाहीतर माल घेणार नाही.’ भाऊजी अंबडच्या एका कारखान्यातून कॉम्प्युटर सांभाळण्याच्या याच कामावरून निवृत्त झालेले. मी त्यांचं नाव सुचवलं. आमचे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, “मॅडम, घरचा माणूस आणताय. कंटेनर अडकला तर मी त्यांना नाय, तुम्हाला विचारणार.” एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाही नातेवाइकासाठी शब्द टाकला नव्हता. हा पहिलाच.

रविवारी भाऊजींनी नव्या मशीनवर नवी सिस्टीम चढवली आणि सोमवारी सगळं रांगायला लागलं. मला वाटलं, आता हे सर्व्हरच्या खोलीत कोंडून घेणार. पण ते स्टूल घेऊन बारा टेबलांवर आळीपाळीने जाऊन बसले. लेबलं छापणाऱ्या सुशीलाताई म्हणाल्या, “लय जड झालंय हो भाऊ. बटण दाबावं, चहा पिऊन यावं, तेव्हा कुठं पान उघडतं.”

“किती कप होतात?”

“चार तरी.”

“दोनावर आणतो. एकदम बंद केला तर डोकं दुखेल तुमचं.”

मग त्यांनी प्रत्येकाच्या स्क्रीनवरची हलती चित्रं काढली, खिडक्या उघडतानाचे नखरे बंद केले, कुणालाच न लागणाऱ्या प्रिंटरांची नावं पुसली. लोक काम संपलं की लॉग ऑफ न करता नुसता स्क्रीन बंद करून घरी जायचे, त्यावर तर त्यांनी सगळ्यांना उभं करून सुनावलं, “अहो, जेवून उठलात आणि ताट तिथंच! पुढच्या पंगतीनं बसायचं कुठं?” बुधवारपर्यंत मशीन पळायला लागलं.

माझ्या यादीत पुढची ओळ होती, ‘जुना सर्व्हर भंगारात’. भाऊजींनी माझ्याच पेनानं ती खोडली आणि जुन्या मशीनवर चिठ्ठी चिकटवली: ‘चालू आहे. तेरा दिवस हात लावू नये.’ खाली त्या मशीनचा नेटवर्कवरचा आकडी पत्ताही लिहिला. नाना वैतागले. “एका खोलीत दोन संसार कशाला?”

“नाना, गेलेल्या माणसाचंही आपण तेरा दिवस करतो. हे तर अजून जितं आहे.”

त्या दिवसापासून ऑफिसात सुरूच झालं, “मॅडम, तेराव्याला जेवायला काय?” मी ओशाळून हसायचे.

नवव्या दिवशी सकाळी सुशीलाताई प्रिंटरमधून कोरीच निघालेली लेबलं हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. कंटेनर दारात, पेट्या भरलेल्या, आणि लेबलाशिवाय एकही पेटी आत चढत नाही. मागे नाना. चष्म्यावरून माझ्याकडेच बघत होते. मी भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, “वहिनी, जुन्याचा पंखा फिरतोय का? ऐकवा.” मी फोन मशीनला लावला. सगळं ऑफिस बघत होतं. “फिरतोय. आता चिठ्ठीवरचा पत्ता सुशीलाताईंच्या स्क्रीनवर पत्त्याच्या चौकटीत घाला.” घातला. जुना स्क्रीन उघडला आणि प्रिंटरनं पहिलं लेबल बाहेर टाकलं, काळंभोर, स्वच्छ. सुशीलाताईंनी ते माझ्या हाताच्या पाठीवरच चिकटवलं.

दुपारी कंटेनर फाटकाबाहेर पडला तेव्हा भाऊजी एसटीतून उतरत होते. नवं मशीन तपासून ते सरळ नानांपुढे गेले. “चूक माझी. नव्या सिस्टीमनं रात्री आपणहून अपडेटची दुरुस्ती ओढून घेतली, प्रिंटरशी बिनसलं. ते दार मी बंद करायला विसरलो होतो. वहिनींचा काही दोष नाही.”

नाना बाहेर बघून ओरडले, “अजून चार दिवस राहिलेत! त्या जुन्याला कुणी हात लावला तर बघा!”

तेराव्या दिवशी भाऊजींनी डबाभर बुंदी आणली, सगळ्यांना वाटली आणि मग जुनं मशीन स्वतःच्या हातानं बंद केलं. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही.

पुढे भाऊजींच्या पत्नी वारल्या आणि लेकीनं त्यांना बंगळुरूला नेलं. जाताना नाशिकच्या घराची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. “तेरा दिवस राहून बघतो. तोवर असू द्या.” त्याला आता दोन वर्षं झाली. दर रविवारी फोन येतो, मी विचारते, “भाऊजी, झाले का तेरा दिवस?” ते म्हणतात, “मोजायला अजून सुरुवात केली नाही.” मी पंधरवड्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडते, नळ सोडून बघते, पंखा फिरतोय का ते ऐकते. माझ्या यादीत सगळ्यात वर एक ओळ आहे, ‘भाऊजींची किल्ली परत देणे’. दर आठवड्याला मी नवी यादी करते, आणि ती ओळ, रेघ न ओढता, सर्वांत आधी उतरवून घेते.