दोन तोंडांचं वासरू आणि वहिनीची सोनोग्राफी

आमच्या गाईला दोन तोंडांचं वासरू झालं, तेव्हा वहिनीला पाचवा महिना होता. धड एक, कान दोन, पण समोर दोन नाकं, दोन जबडे आणि चार डोळे. सकाळी सातपर्यंत अर्धा गाव गोठ्यात जमला. कुणी हळद-कुंकू वाहिलं, कुणी मोबाईलवर फोटो काढले. आईने चमच्याने चीक पाजून पाहिला, तर एका तोंडात घातलेलं दुसऱ्यातून बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी ते गेलं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बीएस्सीला प्राणीशास्त्र आहे, म्हणून मला वाटलं की आपण समजावून सांगितलं पाहिजे. मी पुस्तक काढलं आणि वहिनीला चिकटलेल्या जुळ्यांचं चित्र दाखवलं. देवाचा कोप नसतो, हे शरीराच्या घडणीतलं आहे, एवढंच मला सांगायचं होतं. तिने चित्र पाहिलं, पुस्तक मिटलं आणि चुलीकडे गेली. संध्याकाळी तिने दादाला सांगितलं, गुरुवारी सोनोग्राफीला येणार नाही.

शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "शिकून राहिली का भेव दाखवून राहिली वं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी धानाच्या बांधीत लाखोरीची भाजी खुडायला गेलो. मी विचारलं, "वहिनी, काऊन नाही जात?"

तिने दोन-चार शेंडे खुडले. मग म्हणाली, "बाई, कोणाले सांगसान नोको. मी जुळं केळं खाल्लं."

आमच्याकडे पोटुशी बाईला जुळं केळं देत नाहीत. पोरं चिकटलेली होतात म्हणतात. वहिनीला तिसऱ्या महिन्यात फार भूक लागायची. फणीत एक जुळं निघालं, ते तिने कुणी बघत नाही असं पाहून खाल्लं. आणि आता गोठ्यात ते वासरू.

"डॉक्टरीणबाईनं तसंच सांगतलं तर? माहीतच नोको मले."

शुक्रवारी कॉलेजातल्या सरांना वासराबद्दल आणि जुळ्यांबद्दल विचारलं होतं, ते मनात नीट लावून घेतलं. मग म्हणाले, "चिकटलेली जुळी होतात ना, ती एकाच गर्भाची. त्याचे दोन भाग व्हायला लागतात आणि पूर्ण सुटत नाहीत. हे अगदी सुरुवातीला होते, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. तेव्हा तर तुलेही माहीत नव्हतं. केळं तू खाल्लं तिसऱ्या महिन्यात."

तिने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"मंग वासराले कायले झालं?"

"ते जुळंही नव्हतं. एकच वासरू, चेहरा घडताना चुकला. काऊन चुकला ते मले नाही माहीत. सरांनाही नक्की नाही सांगता आलं."

"अन् माझ्या पोटातलं बराबर हाये, हे माहीत हाये का तुमाले?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलणं सोपं होतं, पण ते जमलं नाही. "केळ्यानं काही झालं नाही, एवढं खात्रीनं सांगते. बाकीचं पाहूनच समजेल."

ती हसली. "लय शिकल्या, अन् अर्धंच माहीत!" पदरातली भाजी टोपलीत टाकून ती उठली. "तुमीच चला मंग संगं. तुमच्या भावाले आत उभं राहणं जमत नाही."

गुरुवारी आमगावच्या दवाखान्यात ती झोपली होती आणि मी तिच्या उशाशी उभी होते. तिच्या वतीने काय विचारायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं. तिथे गेल्यावर सगळं विसरले. वहिनीनेच विचारलं, "मॅडम, डोकं एकच हाये ना?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. "हे डोकं. एकच. हे दोन डोळे, हे नाक, हे ओठ. यात सगळंच दिसतं असं नाही, पण जे दिसायला हवं ते नीट दिसतंय."

"हात?"

"दोन. मोजा तुम्हीच."

वहिनीने मान वर करून मोजले. पायही मोजले.

बाहेर येताच तिने माझ्या फोनवरून दादाला फोन लावला. "चांगलं हाये हो. डोकं तुमच्यासारखंच मोठं दिसते, पण एकच हाये!"

पलीकडून दादा काहीतरी विचारत होता. तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमीच सांगा बाई त्याईले. नीट सांगजा, पण ते पुस्तक नोका दाखवू."