तिच्या अंगावरचं दूध

आई एचआयव्ही पॉझिटिव्ह असेल तर बाळाला काय पाजायचं, यावर मी पत्रकं लिहिते. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध; मध नाही, गुटी नाही, पाण्याचा थेंब नाही. ते नको असेल आणि खरंच झेपणार असेल, तर फक्त डब्याचं. दोन्हींची सरमिसळ नको, त्याने बाळाला लागण व्हायचा धोका वाढतो. निवड आईची. ही शेवटची ओळ मी ठळक छापायला लावते, कारण माझ्या वेळी कुणी मला विचारलंच नव्हतं.

अंबरनाथच्या एका लहानशा प्रसूतिगृहात मला लेक झाली. तिला माझ्या कुशीत देण्याआधीच नर्सने डब्याच्या दुधाची चिठ्ठी नवऱ्याच्या हातात ठेवली. "कशाला रिस्क घेता?" याला म्हणे समुपदेशन. नवऱ्याने मान हलवली. टाके दुखत होते, मीही हलवली.

सासूला माझा आजार आजही ठाऊक नाही, म्हणून या लिखाणात कुणाचंच नाव नाही. तिला आम्ही सांगितलं की दूध उतरलंच नाही. मग उल्हासनगरच्या आमच्या अख्ख्या मजल्याने ते उतरवायचं मनावर घेतलं. सासूने हाळिवाचे लाडू वळले, शेपूची भाजी केली. शेजारच्या सिंधी आंटी तुपात परतलेला सुकामेवा घेऊन समोर ठाण मांडायच्या. "खा बेटा, पूरा खा. मेरी बहू को तो तीसरे दिन उतर आया था." मी पूरा खायचे. ब्लाउजच्या आत सुती पट्टा करकचून आवळलेला असायचा आणि खाता खाता तो भिजत जायचा. लेक तिकडे सासूच्या मांडीवर बाटली चोखत असायची. "हिच्या अंगात काही नाहीच हो," सासू आंटींना सांगायची आणि मी मान खाली घालून आणखी एक लाडू उचलायचे.

लेक आता चार वर्षांची आहे. ठणठणीत, निगेटिव्ह. मग रडतेस कशाला, असं बरोबरीच्या कार्यकर्त्या विचारतात. मी रडत नाही. मी जळते.

सगळ्यांत जास्त जळले ती बदलापूर गावाच्या पलीकडे, बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीतल्या पोरीवर. वीस-बावीसची, माझ्यासारखीच गोळ्या घेणारी, दोन महिन्यांच्या मुलीची आई. बाळाच्या औषधाची, तपासणीची आठवण करून द्यायला मी तिच्याकडे जायचे. ती ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत पाजायची, पदराचीही फिकीर नाही. आणि तिच्या सासूला सगळं माहीत होतं. बारशाला एका पाहुणीने मधाचं बोट पुढे केलं तर म्हातारीने तिचं मनगटच धरलं. "आमचे घरात वरचा काय नाय देत." कारण सांगितलं नाही आणि पाहुणीची विचारायची छाती झाली नाही. सून हे हसत हसत सांगत होती आणि माझा जीव नुसता जळत होता. हिने असं काय केलं म्हणून हिला अशी सासू मिळाली? पत्रक तर मी लिहिलंय.

त्याच दिवशी निघताना तिने विचारलं, "ताई, उद्यापासून फार्महाऊसवर कामाला जायचंय. तान्हीला तिथं नेऊ देत नाय. दुपारचं एक टाइम डब्याचं दिलं तर चालंल?"

उत्तर माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं, छापलेलं. मी म्हणाले, "बघते. विचारून सांगते."

कुणाला विचारणार होते मी? कुणालाच नाही. तिच्याही हातात एकदा तरी बाटली यावी, एवढंच मला हवं होतं. शेअर रिक्षात बसेपर्यंत हे माझ्या नीट लक्षात आलं होतं, तरी मी उतरले नाही.

उतरले ती दुसऱ्या दिवशी सकाळी, परत त्याच वाडीत. चुलीवर पाणी उकळत होतं. शेजारी डबा, झाकण काढलेला.

"दिलं?" मी दारातूनच विचारलं.

"अजून नाय," म्हातारी म्हणाली. "ही कामावं गेली का देईन. तू नको नाय बोललीस, मंग चालत असंल, असा वाटला."

"नाही चालत. मला कालच माहीत होतं."

"मंग काल तोंडात काय भरलं व्हतं?"

यावर पत्रकात वाक्य नसतं. "जळले मी," म्हटलं. "ही पाजताना बघून."

सून फिस्सकन हसली. "माज्यावर? माज्यावर कोन जळंल ताई?"

"गप गो तू," म्हातारीने तिला दटावलं आणि माझ्याकडे वळली. "ता ऱ्हाऊ दे बाय. कामावं तर हिला जायालाच लागंल. आता काय करायचा, ता सांग."

मी सुनेला हात धुवायला लावले, वाटी-चमचा उकळायला सांगितला. अंगठा वरून, बोटं खालून, आधी छातीकडे दाबायचं, मग पुढे आणायचं. काढलेलं दूध झाकून गार जागी ठेवायचं आणि दुपारी चमच्याने पाजायचं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. मग थेंब आले, मग धार.

"तुला बराच येतंय गो," म्हातारी मला म्हणाली.

येणारच. लेकीच्या वेळी मी रोज मोरीत उभी राहून, नळ मोठा सोडून, असंच काढून ओतून देत होते. ते मी त्या दोघींना सांगितलं नाही.

अर्धी वाटी भरली. म्हातारीने ती दोन्ही हातांनी उचलली, वर ताटली ठेवली आणि माठाच्या कडेला नेली. सून केस बांधत कामाला निघाली. दुपारी पहिला चमचा बाळाच्या तोंडात जाईपर्यंत मी तिथून हलले नाही. बाळ मिटक्या मारत प्यायलं. खोटं कशाला लिहू, तेव्हाही मी जळतच होते.