विमलबाईंचे बेटावरचे चार दिवस

कुठल्याही कार्यात संध्याकाळचे पाच वाजले की विमलबाई उठायच्या. स्वतःच्या भाचीच्या लग्नात वरमाला पडायच्या आत त्या उठल्या आणि मांडवातून सरळ स्टँडवर गेल्या. वैभवच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या, साखरपुड्यात पाहुणे चहाला बसलेले असताना यजमानीणबाई गोठ्यात. कोणी रागावलं तर म्हणायच्या, "जनावराला काय पत्रिका दिली हुती का? त्याला कसं कळायचं आज साखरपुडा हाय म्हनून?"

त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. मी नगरला राहणारी, शाळेत शिकवणारी, तर त्या घोडेगावजवळच्या आमच्या गावात चार म्हशी सांभाळणाऱ्या. मी त्यांना 'बाई' म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती आणि मळलेलं काही डोळ्यांसमोर सहन होत नव्हतं. पहिल्यावर त्या हसल्या नाहीत. दुसऱ्यावर मात्र खूप हसल्या. "शुभांगी, तू शेनाला बी साबन लावशील," म्हणायच्या. हे त्यांनी थट्टेत म्हटलं होतं.

वैभव पुण्यात नोकरीला लागला आणि त्याच्या डोक्यात आलं की आईला समुद्र दाखवायचा. समुद्र म्हणजे अलिबाग वगैरे नाही, थेट अंदमान. आम्ही दोघं, आमच्या दोन मुली, वैभव आणि बाई, सगळ्यांची तिकिटं त्याने काढून टाकली. दादांचं, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचं, तिकीट नव्हतं. दूधदुभत्याच्या घरात दोघं एकदम घर सोडत नाहीत, हे कोणी कोणाला समजावून सांगितलं नाही.

अडचण होती ती मैनाची. ही मैना म्हणजे त्यांची सगळ्यात दुधाळ आणि सगळ्यात हट्टी म्हैस. तिचं रेडकू गेलं तेव्हापासून ती बाईंशिवाय कोणाच्याही हाताला पान्हा सोडत नव्हती. दादा जवळ गेले तरी लाथ. दोनदा दूध अडून कास सुजली होती, आणि दादांनी निक्षून सांगितलं होतं, "आता तिसऱ्यांदा असं झालं तर पुढच्या शुक्रवारी घोडेगावचा गुरांचा बाजार." दादा बोलले की करतात. बाईंनी मग गावातल्या जुन्या बायका करत तो उपाय केला. धार काढताना नेसायची त्यांची हिरवी साडी दादांनी पँटवरून गुंडाळायची आणि डोक्यावर पदर घेऊन कासेला बसायचं. आठ दिवस त्यांची तालीम चालली. मिशीवाले दादा पदर सावरत बसलेले पाहून शेजारपाजारचे लोक कुंपणापाशी जमायचे. पण मैनाने पान्हा सोडला, आणि मगच बाईंनी बॅग भरायला काढली.

निघायच्या दिवशी आम्ही पहाटेच गावी पोचलो. बाईंनी शेवटची धार काढली, साडी खुंटीला टांगली आणि अंघोळीला गेल्या. दादा दूध घालायला डेअरीवर गेले होते. मी रिकामी होते. माझ्या आईची शिकवण अशी की प्रवासाला निघताना घरात उष्टं भांडं आणि मळका कपडा ठेवून उंबरा ओलांडायचा नाही. मी भांडी घासली आणि घरातले कपडे धुतले. गोठ्याच्या खुंटीवरची ती शेणाने, दुधाने कडक झालेली साडी पाहून मला दादांची कीव आली. तीही धुतली, दोन वेळा साबण लावून, आणि गोठ्यामागच्या दोरीवर वाळत घातली; दादा परतायच्या आत गाडी आली आणि आम्ही निघालो. सांगायची गरजसुद्धा वाटली नाही. चांगलं काम केलं की मी सहसा सांगत नाही, असा तेव्हा माझा एक समज होता.

पोर्ट ब्लेअरहून बेटाकडे जाणाऱ्या बोटीत बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. पाण्याचा रंग पाहून मुली वेड्या झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, "एवढं पानी, अन् म्हशीला पाजायच्या कामाचं न्हाई." मग थोड्या वेळाने, आपल्याच तंद्रीत, "आठ दिस पान्याला लावली न्हाई ती साडी. माझा वास हाय तिला. मैना डोळ्यानं न्हाई वळखत, नाकानं वळखती."

मी तोंडावर रुमाल धरून खाली वाकले. बोट लागली म्हणून मला उलटी होतेय असं सगळ्यांना वाटलं. आमच्या ह्यांनी लिंबू दिलं.

बेट सुंदर होतं, असं फोटोंवरून दिसतं. पांढरी वाळू, पाण्यापर्यंत वाकलेली झाडं, खोलीपुढे झोपाळा. मला त्यातलं काही धड आठवत नाही. मला आठवते ती वैभवच्या मोबाईलवरची रेंजची रिकामी जागा. हॉटेलवाला म्हणाला, कधी येते, कधी जाते, काल तर दिवसभर नव्हती. मी दर अर्ध्या तासाने कोणाचा तरी फोन मागून घ्यायचे आणि किनाऱ्यावर हात वर करून फिरायचे. मुलींना वाटलं, आई फोटो काढतेय.

तिकडे दिवस फार लवकर मावळतो. आपल्याकडे शाळा सुटायच्या सुमाराला तिथे सावल्या लांबतात. बाईंचा त्याने घोळ व्हायचा. त्या सारख्या विचारायच्या, "आपल्याकडं किती वाजले असतील? धारेची वेळ झाली का?" घड्याळ तेच आहे म्हटलं तरी पटायचं नाही. त्या वाळूत समुद्राकडे पाठ करून बसायच्या आणि त्यांचे अंगठे मांडीवर आपोआप हलायचे. मी ते अंगठे बघायचे आणि उठून जायचे.

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मुली पाण्यात होत्या. मी बाईंच्या शेजारी बसले आणि सांगून टाकलं. साडी मी धुतली. दोनदा साबण लावून.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाळूत बोटाने काहीतरी करत राहिल्या. मला वाटलं, आता मला बोलतील. त्यांनी बोलावं, असंच वाटत होतं.

"कवा धुतली?"

"तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा."

"म्हंजे निगालो त्या सांजची गेली. कालची दोन येळा गेली. आजची सकाळची गेली." त्यांनी वाळूतल्या रेघा तळहाताने पुसल्या. मग म्हणाल्या, "शुभांगी, काळजी वाटून घेता येत न्हाई. दोघींनी केली म्हनून अर्धी व्हत न्हाई, डबल व्हती. मैना माझी हाय, मी करते काळजी. तू जा पोरींसंगं पान्यात."

मी गेले नाही. त्यांनी मला हाताला धरून उठवलं आणि पाण्यापर्यंत आणून सोडलं. स्वतः परत जाऊन वाळूत बसल्या. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून मुलींकडे बघून हसत होते, आणि मागे वळून बघायची छाती होत नव्हती.

फोन लागला तो तिसऱ्या दिवशी दुपारी, हॉटेलच्या स्वयंपाकघरामागे. दादांचा आवाज तुटत होता. "जवळ फिरकू देत न्हाई... डॉक्टर येऊन गेला... एक सड दगडावानी झालाय..." बाई फोनमध्ये ओरडल्या, "माझी उशाखालची गोधडी घ्या, ती अंगावर घेऊन बसा. गोधडी, गोधडी." फोन तुटला. त्यांनी ऐकलं की नाही कळायला मार्ग नव्हता. बाई त्या भांडी घासायच्या जागेपाशी तशाच उभ्या होत्या. मग तिथल्या मोलकरणीला विचारलं, इथं दूध कुठून येतं, आणि पावडरचं येतं हे कळल्यावर खिन्न झाल्या. त्या दिवसापासून चहा प्यायल्या नाहीत.

उरलेला दीड दिवस आम्ही दोघी एकमेकींशी साडी सोडून सगळ्यावर बोललो.

परत आलो तेव्हा दादा अंगणात होते. गोधडीचं त्यांना ऐकू आलं होतं. मैना सावरली होती, पण कासेच्या चार सडांपैकी एक कायमचा गेला होता. दादा आम्हाला 'आलात का'सुद्धा म्हणाले नाहीत. दोरीकडे बोट दाखवून म्हणाले, "कोनी धुतली ही? मी डेअरीवरून येतो तर ओली चिंब साडी दोरीवर. शुक्रवारी टेम्पो सांगितलाय मी."

माझ्या हातात शिंपल्यांची पिशवी होती. दोन शब्द बोलायचे होते, 'मी धुतली'. तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "मी धुतली. जायच्या गडबडीत सवयीनं हात गेला. चूक माझी हाय, मग बाजार तिला कशापायी दाखवता? मला दाखवा."

दादांनी टेम्पोवाल्याला फोन लावून नको म्हटलं. मैना नंतर दोन वेळा व्याली, तीन सडांवर. मी त्या अंगणात उभी होते आणि गप्प राहिले, हे मला अजून लागतं. नंतर कधी एकटं गाठून बोलायला गेले तर बाई विषय बदलायच्या. "झालं ते झालं. चा ठेव."

बाईंना जाऊन वर्ष झालं. हृदयाचं दुखणं निघालं आणि महिन्याभरात संपल्या. वर्षश्राद्धाला सगळे जेवून पांगल्यावर मी दादांकडे गेले. ते कडबा तोडत होते. मी म्हटलं, "दादा, तेव्हा ती साडी बाईंनी नव्हती धुतली. मी धुतली होती."

त्यांनी हात थांबवला नाही. "ठाऊक हाय."

"बाईंनी सांगितलं?"

"तिनं कशाला सांगायला पायजे? जी बाई पोराच्या साखरपुड्यातनं उठून धार काढायला येती, ती ती साडी धुईल व्हय?" त्यांनी पेंढी बाजूला ठेवली. "त्याच दिशी इचारलं हुतं मी तिला, खरं सांग कोनी धुतली. तिनं नाव घेतलं न्हाई. म्हनली, इचारू नका. जिनं धुतली तिला परत ह्या घरात मान वर करून येता आलं पायजे."