चौकटीवरचा कडुनिंब

इंदूअक्का गेल्याचं मला त्यांच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कळलं. 'ग्राउंड फ्लोअरच्या आंटी गेल्या. जिना सॅनिटाइज करून घ्या,' एवढाच मेसेज… त्यात त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

अक्का मूळच्या निपाणीच्या. नागपूरहून बंगळुरूला आलो तेव्हा कोरमंगल्यात त्यांच्याच घरातली एक खोली मी भाड्यानं घेतली होती. शहरात मंकीपॉक्सच्या अफवा उठल्या आणि नेमके तेव्हाच माझ्या अंगावर फोड आले. डॉक्टर म्हणाले, कांजिण्या. तरी 'त्या मुलाला बाहेर काढा' असं ग्रुपवर सुरू झालं. मी तापात पडलो होतो. दारात अक्का कुणाला तरी कन्नडमध्ये सांगत होत्या, "अम्मा बंदिद्दाळे." आई आली, असं वाटून मी धडपडत शर्ट शोधू लागलो. अक्कांना हसू आवरेना. "खुळ्या, तुझी आई नव्हे रे! इकडं कांजिण्यांना अम्मा म्हणतात, देवी आली म्हणून."

चौकटीच्या खिळ्याला त्यांनी कडुनिंबाचा डहाळा बांधला होता. माझं लहानपण बाबांबरोबर अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटण्यात गेलेलं. मी भडकलो. "अक्का, हा विषाणू आहे. देवीबिवी काही नाही."

"असू दे की. व्हायरस म्हटलं की ही माणसं हाकलायला येतात. अम्मा म्हटलं की चप्पल काढून हळू बोलतात. तू स्वल्प गप पड."

आणि खरंच, शेजारणी चप्पल काढून दाराशी ताक ठेवून गेल्या. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. आजारी माणसाला माणसासारखं वागवायला देवीची ओळख का लागावी?

पुढे मी व्हाइटफील्डला राहायला गेलो. इकडे अक्कांना टीबी झाला. खोकला त्यांनी कित्येक महिने लपवला. कळलं तर दारात कुणी येणार नाही, ही एकच भीती. औषध सुरू झालं, पण फार उशिरा. नियमित औषधानं काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका खूप कमी होतो, हे मी जिन्यात उभा राहून ओरडून सांगितलं. एकही दार उघडलं नाही. शेवटच्या भेटीत अक्का बराच वेळ त्या चौकटीकडे बघत होत्या…

"याला काही अम्मा म्हणता येईना रे. आता दाराला काय बांधू?"



परवा जाऊन आलो. दाराला कुलूप होतं. खिळ्याला डहाळ्याचा दोरा तेवढा उरला होता. मी चप्पल काढली… आणि हळू आवाजात हाक मारली, "अक्का."