कुंडलच्या दाजींची आगबोट

डिझेलच्या इंजिनावर आमच्या साडूंइतकं प्रेम जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल, आणि केलं असलंच तर त्याच्या बायकोने ते इतकी वर्षं खपवून घेतलं नसेल. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. कुंडलला त्यांची उसाची शेती आहे, थोडी द्राक्षं आहेत, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये निरनिराळ्या वयांची इंजिनं आहेत. त्यातली निम्मी चालत नाहीत. "चालत न्हाईत म्हणू नका, पावणं. इश्रांती घ्यायला लागल्यात," असं ते मला बजावतात. नव्या इंजिनाचा त्यांना तिटकारा आहे. नव्याला स्वभाव नसतो म्हणे; किल्ली फिरवली की लगेच सुरू होतं, त्यात माणसाचा काय मान राहिला? रस्त्याकडेला उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ते जाता जाता हात ठेवतात, जसा आपण ओळखीच्या म्हशीच्या पाठीवर ठेवू. एसटीत बसले की खिडकी धरत नाहीत, ड्रायव्हरच्या मागची जागा धरतात, आणि विट्यापर्यंत त्या ड्रायव्हरला तिसऱ्या गिअरविषयी इतकं काही सांगतात की तो बिचारा स्टँडवर उतरताच दिसेनासा होतो. त्यांच्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टका सुरू असताना मांडवामागचा जनरेटर जरा अडखळला. दाजींच्या हातात अक्षता होत्या. त्या तशाच मुठीत धरून ते मांडवाबाहेर गेले आणि जेवणाच्या पंगती उठत आल्या तेव्हा कोपरापर्यंत काळे होऊन परत आले. नवऱ्यामुलाच्या डोक्यावर त्यांनी उरलेल्या अक्षता टाकल्या, त्या आजही फोटोत काळ्या दिसतात.

अशा माणसाने शेवटी बोट घ्यावी, यात खरं तर नवल नव्हतं. नवल एवढंच, की दाजींना पोहता येत नाही. गावातली सगळी पोरं विहिरीत उड्या मारत होती त्या वयात हे विहिरीवरच्या इंजिनापाशी बसलेले असत.

झालं असं, की ते एका लग्नासाठी पनवेलच्या बाजूला गेले होते आणि तिथल्या खाडीच्या चिखलात त्यांना एक जुनी मोटर-लाँच कलंडलेली दिसली. कधीकाळी कुठल्याशा कंपनीचे साहेब लोक तिच्यातून समुद्रावर फिरायला जात. वरती पांढरी केबिन, आत गाद्यांचे बाक, एक चिमुकलं स्वयंपाकघर, पितळी कड्यांच्या गोल खिडक्या. दाजींनी यातलं काहीच पाहिलं नाही. त्यांनी फळी उचलून खाली वाकून इंजिन पाहिलं, त्याच्या अंगावरून रुमाल फिरवला, आणि रखवालदाराला विचारलं, "ह्याचं मालक कुठं असत्यात?" बोट घेणारी शहाणी माणसं तळाच्या फळ्या ठोकून बघतात, टाकी उघडून आत बॅटरी मारतात. दाजींनी इंजिन सुरू करून घेतलं, त्याचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि सौदा केला.

मग मला फोन आला. "पावणं, तुमी साताऱ्यात राहता. कोयनेच्या पाण्यात बोट सोडायची तर कुणाकुणाची परवानगी लागती, जरा बघून ठिवा." मी सरकारी नोकरीत असल्यामुळे सगळी हापिसं माझ्या परसातच आहेत, असा त्यांचा समज आहे. "बोट? कुणाची?" मी विचारलं. तिकडून आधी दार लोटल्याचा आवाज आला. मग ते हळूच म्हणाले, "अक्काला आजून म्हाईत न्हाई."

अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला जे कळायचं ते ट्रेलर खंबाटकीच्या पायथ्याशी आला तेव्हा कळलं, कारण तिथल्या, साताऱ्याच्या खंडाळ्याच्या कुणीतरी त्या वरातीचा व्हिडिओ काढला आणि तो आम्ही काही सांगण्याआधी कुंडलला पोचला. मी खंडाळ्याला चहाच्या टपरीवर वाट बघत उभा होतो. बसएवढी पांढरी बोट ट्रेलरवर डुलत आली आणि तिच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, फेटा बांधून दाजी बसलेले. टपरीवाल्याने किटली खाली ठेवली. "समुद्र मागं ऱ्हायला, पावणं! तुमी उलटं निघालाय!" दाजींनी त्याला वरूनच नमस्कार केला. घाटात ट्रेलरचा एक टायर फुटला, मागे गाड्यांची रांग लागली, आणि कोयनेच्या काठावरच्या बामणोलीच्या उतारावर तर एका वळणाला बोटीचं शेपूट दरीवर लोंबकळत राहिलं. ड्रायव्हर खाली उतरून रस्त्यावर बसला, म्हणाला, मी आता गाडी हलवत नाही. दाजींनी त्याला अर्धा तास गूळ-शेंगदाणे चारले, तेव्हा तो उठला.

बोट पाण्यात पडली, आणि अक्काने दाजींशी बोलणं सोडलं.

भांडण नाही, रडारड नाही; एक शब्दसुद्धा नाही. ती मला फोन करायची. "पावणं, त्यास्नी सांगा, जेवण झाकून ठेवलंय." दाजी तिच्यापासून हाताच्या अंतरावर बसलेले असायचे, त्यांचा खोकला मला फोनमध्ये ऐकू यायचा. "दाजी, जेवण झाकून ठेवलंय," मी मग त्यांच्या फोनवर साताऱ्यातून सांगायचो. "व्हय, ऐकलं," ते म्हणायचे. "भाकरी कडक झाली म्हणावं." मी ते तिला सांगत नसे. सुरुवातीला याचं हसू यायचं. पण उन्हाळा आला तरी तेच चाललं, तेव्हा माझी बायको काळजीत पडली. अक्का आपले कपडे एकेक करून माहेरच्या कपाटात नेऊन ठेवते आहे, हे तिच्या लक्षात आलं होतं.

कोंडी फोडली ती सासूबाईंनी. त्यांचं माहेर कोयनेच्या पलीकडच्या काठावर, एका वाडीत. थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता आणि त्याला भेटायचं होतं. रस्त्याने जायचं तर डोंगराला केवढातरी वळसा. "जावयाची आगबोट असताना मी गाडीत बसून हाडं कशाला मोडून घेऊ?" असं त्यांनी जाहीर केलं. आईला एकटीला सोडवेना म्हणून अक्का आली, अक्का आली म्हणून माझी बायको आली, आणि त्या नवरा-बायकोच्या मध्ये कुणीतरी हवं म्हणून मी. अक्का चढली ती थेट मागच्या बाकावर बसली, नवऱ्याकडे पाठ करून.

जाताना पाणी तेलासारखं स्थिर होतं. दाजी सुकाणूच्या चाकामागे ताठ उभे होते. भावाची भेट झाली, सासूबाई पोटभर रडल्या, फणस घेतला, आणि दुपार कलली तसे आम्ही परत निघालो. मध्यावर आलो आणि वारा सुटला. वळवाच्या आधी सुटतो तो, एकाएकी, डोंगरावरून घसरत आलेला. पाणी करडं झालं, लाटा कुशीवर आपटायला लागल्या, फणस बाकाखालून सुटून इकडून तिकडे गडगडायला लागला. आणि इंजिनाने श्वास घेतल्यासारखा एक आवाज केला.

दाजींची मान झटकन वळली. इंजिन पुन्हा दमलं, पुन्हा सावरलं, आणि बंद पडलं.

त्या शांततेत वाऱ्याचा आवाज किती मोठा आहे ते कळलं. बोट आडवी झाली. दाजींनी फळी उचलली, फिल्टर उघडला, आणि त्यातून काळी, गुळाच्या मळीसारखी घाण बाहेर आली. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ लाटांनी ढवळून वर आणला होता. त्यांनी जवळचा नवा फिल्टर घातला, नळीतली हवा काढली, इंजिन सुरू केलं. ते थोडं चाललं आणि तसंच गुदमरून मेलं.

"पावणं, नांगर टाका!"

मी टाकला. दोर सरसर गेला, संपला, आणि नांगर लोंबतच राहिला. तळ लागतच नव्हता. उजवीकडे, उन्हाळ्याने पाणी खाली गेल्यामुळे, एका टेकाडाचे कातळ उघडे पडले होते. त्यांच्यावर पांढरा फेस उडत होता आणि आम्ही सरळ तिकडेच चाललो होतो. बायकोने माझा दंड धरला होता, तो नंतर काळानिळा झाला. तिने सासूबाईंचं लाइफ जॅकेट आवळायला घेतलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मला पवता येतं गं. नदीवर वाढलीय मी. तू त्या थोरल्या जावयाचं बघ."

दाजींकडे मी तेव्हा पाहिलं.  त्यांच्या हातातून पाना सुटला आणि इंजिनाखालच्या काळ्या पाण्यात पडला. ते गुडघ्यांवर बसून राहिले. आयुष्यभर कुठल्याही इंजिनासमोर हा माणूस असा बसलेला मी पाहिला नव्हता. कातळ आता इतके जवळ होते की त्यांच्यावरचं शेवाळ दिसत होतं.

"अगं," ते पाठमोऱ्या अक्काला म्हणाले, "चुकलं माझं."

अक्का वळली. "ते मागनं," ती म्हणाली. "आदी हे कसं सुरू हुईल ते सांगा."

त्या आवाजाने दाजी जागे झाले असावेत. "टाकीतलं तेल नगंच," ते म्हणाले. "पुढं केबिनमधी चांगल्या डिझेलचा डबा हाय. नळी टाकीवरनं काढतो नि त्यात सोडतो. पर डबा उचलून धराय पायजे, नि नळीचं तोंड तेलातच ऱ्हायला पायजे. हवा शिरली की संपलं."

"आणा हिकडं."

तिने पदर खोचला, इंजिनाच्या खोबणीत दोन्ही पाय रोवले आणि डबा खांद्याशी धरला. दाजींनी हातांनीच नट सैल केला आणि छोट्या पंपाची कळ दाबायला सुरुवात केली. नटाजवळ फेस यायला लागला. "बुडबुडं हायत का?" ते ओरडले. "हायत!" अक्का ओरडली. "आता?" "हायत आजून!" मी एक वल्ह्यासारखी फळी घेऊन बाजूला उभा होतो, कातळाला लावायला, ती फळी त्या बोटीला किती थोपवणार होती, हे मला माहीत होतं. "आता?" "न्हाईत! बंद झालं! आवं, फिरवा!"

दाजींनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा घरघरलं, दोनदा घरघरलं, आणि काळ्या धुराचा एक लोट सोडून धडधडायला लागलं. बोट कातळाला पाठ देऊन वळली तेव्हा तळाशी काहीतरी लांबलचक खरवडत गेलं. तो आवाज माझ्या दातांत अजून आहे.

मग बामणोलीपर्यंत अक्का तशीच उभी होती. लाट आली की डबा हिंदकळायचा, डिझेल तिच्या मानेवरून, पाठीवरून खाली यायचं. मी म्हटलं, द्या, मी धरतो. "हात बदलताना हवा शिरंल," ती म्हणाली. दाजी चाकावरून सारखे मागे बघत होते. "म्होरं बघा!" ती दर वेळी ओरडत होती.

धक्क्याला लागलो, इंजिन थांबलं, तरी तिला डबा सोडता येईना. बोटं आखडली होती. दाजी तिच्यासमोर बसले आणि एकेक बोट हलक्या हाताने उलगडत राहिले. मग डोक्याचा फेटा सोडून त्यांनी तिचे हात पुसले, मान पुसली.  सासूबाई फणसाचा वास घेऊन बघत होत्या, फुटला तर नाही ना म्हणून.

बोलणं सुरू झालं ते गाडीत. कासच्या पठारावरून साताऱ्याला येईपर्यंत अक्काने साठलेलं सगळं काढलं: बोट, व्हिडिओ, जनरेटर, मंगलाष्टका, शेडमधली इंजिनं, थेट लग्नाच्या वर्षापर्यंत. दाजी मान डोलावत ऐकत होते. मला वाटलं, आता हे बोट विकायचं कबूल करतील. त्यांनी केलंही. "इकून टाकतो," ते म्हणाले.

"इकायची न्हाई," अक्का म्हणाली. "जीव मुठीत धरून मी आणलीय ती. आता माझीबी हाय. टाकी साफ करून घ्या."

टाकी साफ झाली. कपाटातले कपडे कुंडलला परत गेले. त्यानंतर दोघं अधूनमधून बामणोलीला जात राहिली, आणि आम्हाला काही बोलावणं येईना. मला फोनही येईनासे झाले. निरोप पोचवायचं माझं काम संपलं होतं. यंदा लाँच काठावर ओढून ठेवली आहे. तळाच्या फळ्या बदलायला झाल्यात, आणि दाजींच्या गुडघ्यांचंही ऑपरेशन ठरलं आहे. आधी कोण दुरुस्त होतंय ते बघू, असं अक्का म्हणते. डॉक्टरांनी मात्र बोटीचं नाव काढू नका म्हणून सांगितलं आहे.

मागच्या हिवाळ्यात एकदा मी कामासाठी त्या बाजूला गेलो होतो. सहज खाली काठापर्यंत उतरलो. पाणी निवांत होतं आणि लांब, मधोमध, ती पांढरी बोट इंजिन बंद करून उभी होती. दोघं मागच्या बाकावर बसलेली. थर्मासमधून चहा ओतणं चाललं असावं. पाण्यावरून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एक आवाज रागावत होता आणि दुसरा हसत होता. मी हात वर केला. त्यांनी पाहिला नाही. मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, आणि हाक न मारता चढण चढून गाडीकडे आलो.