पोटातून की नाकातून?

वीरभद्रप्पा रोज सकाळी स्वतःच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढत आणि उरलेली चिमूट विमानाच्या इंजिनाला लावत. तीही हवा आत जाते त्या तोंडावर. त्याला ते नाक म्हणत. "श्वास जिथनं जायलाय, तिथं आधी देवाचं नाव पायजे." घरात कानडी, आमच्याशी मराठी, मालकाशी दखनी आणि इंजिनाशी तिन्ही, अशी त्यांची भाषा.

निजामाच्या राज्यातले ते दिवस. हुमनाबादजवळच्या माळावर आमच्या जहागीरदारांनी दोन माणसांचं विमान बाळगलं होतं आणि उडवतही स्वतःच. हत्ती स्वस्त पडला असता. अप्पा मिस्त्री, मी त्यांच्या हाताखालचा फिटर, आणि तेलाच्या कोठीवर कादर.

एका हिवाळ्यात विमान निळा धूर ओकायला लागलं. तेल तर नुसतं ढोसत होतं. एकदा उठताना समोरच्या बाभळी जेमतेम चुकल्या आणि जहागीरदार लालबुंद होऊनच खाली उतरले. "कादर तेल में मिट्टी मिलाया! निकालो उसको!" कादरने तेलाचा डबा खाली ठेवला. घरात कमावणारा तो एकटा. मला त्याच्याकडे पाहवेना.

"इंजन खोले बगैर कसूर किसका बोलूं, हुजूर?" अप्पा म्हणाले. "जरा ठैरो."

त्यांनी पंखा हाताने फिरवला. इंजिनात दाब असा नव्हताच. मग प्लगच्या भोकातून थोडं तेल आत सोडून पुन्हा फिरवला, तर हाताला जोर लागला. "तेलानं फट बुजली, म्हंजे वॉल्व्ह बरे हाईत. रिंगा अन् सिलेंडर झिजलेत."

"म्हणजे तेलात मातीच," मी शहाणपणा केला.

"कामून? आधी बघ की."

इंजिन उघडलं. तेलात बुडून फिरणारी बेअरिंगं लख्ख होती, एक ओरखडा नाही. सिलेंडर मात्र वरच्या बाजूला इतके झिजलेले की नख अडकत होतं. खाली जवळजवळ नवे. "तेल खालनं येतंय, हवा वरनं," अप्पा म्हणाले. "पोटातनं न्हाई, हे नाकातनं गेलंय."

त्यांनी हवेच्या नळीत बोट घालून बाहेर काढलं. आमच्या माळाची माती तांबडी. बोटावरची भुकटी पांढुरकी होती. अप्पांनी ती चिमटीत चोळली, मग तेच बोट कपाळावरच्या विभूतीला लावून पाहिलं.

"राखेनं घरी तांबे घासतेत, माधवा. मी रोज इंजन घासायलोय."

मी इकडेतिकडे पाहून म्हटलं, "अप्पा, पुसून टाकू. माळाची धूळ गेली म्हणून सांगू."

"मग कादर?"

एवढंच बोलून ते नळी घेऊन थेट जहागीरदारांपुढे गेले आणि सगळं सांगून टाकलं. जहागीरदारांनीही नळीत बोट घालून पाहिलं. मग कादरकडे वळले. "झूठी तोहमत तेरे पर आई थी. तूच बोल, इनका क्या करना?"

"पैले इंजन जोड़ने देव, साहब. बाद में बोलतूं."

सिलेंडर हैदराबादला जाऊन आतून कातून, थोडे रुंद होऊन आले. त्यांच्या मापाचे मोठे पिस्टन आले. रिंगांची तोंडं अप्पांनी स्वतः कानस मारून जुळवली आणि नाकावर बारीक जाळी बसवली. विभूती आता कपाळावरच थांबत होती; हात धुतल्याशिवाय अप्पा इंजिनाजवळ जात नसत. कादरचा निकाल अजून यायचा होता. मला मात्र ते प्रत्येक गोष्ट दोनदोनदा समजावू लागले. "ध्यानात ठेव. उद्या मी असंन, नसंन." मला फार वाईट वाटे.

ज्याने इंजिन बांधलं त्याने पहिल्या उड्डाणात बसायचं, ही आमची रीत. अप्पा जहागीरदारांबरोबर डोळे मिटून बसले आणि डोळे मिटूनच परत आले. धुराचा मागमूस नव्हता. खाली उतरून ते कादरपुढे उभे राहिले. "बोल बाबा आता."

कादरने अप्पांकडे हात करून जहागीरदारांकडे पाहिलं. "इनो गए तो अगले टाइम भी तोहमत मेरे परिच आती, साहब. तब सच कौन बोलेंगा?"

जहागीरदार खो खो हसले. अप्पांना हसू आलं नाही. त्यांनी कादरचे दोन्ही हात धरले, आणि तो "छोड़ो अप्पा, छोड़ो" म्हणत राहिला तरी सोडले नाहीत.